साडभाऊपेक्षा मोठा कम्प्युटर

आमच्या घरी कम्प्युटर आला तो मी साडभाऊवर जळत होतो म्हणून.

दुसरं काहीच कारण नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि सौंसरला माझा संत्र्यांचा व्यापार बरा चालला होता. हिशेब मुनीमजींच्या डोक्यात होता आणि तिथे तो सुखात होता. पण माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान वसंतराव, पांढुर्ण्याला टायपिंगचे क्लास घ्यायचे. त्यांनी क्लासमध्ये एक कम्प्युटर आणून ठेवला आणि त्यात मोटार पळवायचा एक गेम घातला. झालं! आमची मंजू शाळेला सुट्टी लागली रे लागली की पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसायला लागली.

परत आली की जेवताना एकच विषय. "मावसाजींनी मले रेस शिकवली." "मावसाजी म्हणतात, मी लय हुशार आहे." मी शाळेत पहिल्या नंबरचं बक्षीस घेतलं होतं हे या पोरीला मी किती वेळा सांगितलं असेल, पण तेव्हा तिला झोप येते. एकदा तर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बाबा, तुमाले फक्त संत्रीच येतात काहो?"

मी ताट बाजूला सारलं. माझी सख्खी मुलगी आणि कौतुक त्या माणसाचं! (हा तोच माणूस, जो मोहगावला सासुरवाडीत माझ्यानंतर जावई होऊनही पुरणपोळी माझ्याआधी वाढून घेतो.)

"आपणही घेऊन राहिलो कम्प्युटर," मी जाहीर केलं.

"काहून?" बायकोने विचारलं. सुमन नेहमी नेमका अडचणीचा प्रश्न विचारते.

"मंजूच्या अभ्यासासाठी."

"मंजूच्या की वसंतरावांच्या?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर मी मंजूला घेऊन नागपूरला गेलो. सीताबर्डीवर एक जण सुटे भाग जोडून कम्प्युटर बनवून द्यायचा. मला वाटलं होतं, कपाटासारखा तयार माल असेल. तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, आधी मदरबोर्ड पसंत करा. त्याच्यावरच बाकी सगळं बसते." आणि त्याने समोर दोन हिरव्या पाट्या ठेवल्या, एक लहान आणि एक मोठी.

आता निवडणं हा माझा धंदाच आहे. मी दोन्ही पाट्या तळहातावर तोलल्या, उलटून देठाच्या बाजूने बघितल्या. (देठ नव्हता, पण सवय जाते का?) मग मंजूला विचारलं, "मावसाजींकडे कोणती हाये?"

"लहान."

"मोठी द्या," मी म्हणालो.

"मेमरी किती टाकू?"

मी मंजूकडे पाहिलं. "मावसाजींकडे पाचशे बारा आहे," ती म्हणाली.

"मग आपल्याला हजार."

"हजार चोवीस येते, भाऊ."

आमच्याकडे शेकड्यावर चार-पाच फळं वरची देतात. मला माणूस व्यवहाराला चोख वाटला. "राहू द्या वरचे चोवीस," मी म्हणालो.

"आणि डॉस? मशीन चालवाले ते लागते. तीन नंबरचं टाकू का चार?"

"मावसाजींकडे तीन नंबरचं आहे," मंजू म्हणाली, "आणि त्यांचं मस्त चालते. बाबा, तसाच घ्या नं. अगदी त्यांच्यासारखा."

'त्यांच्यासारखा' हा शब्द माझ्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा घुसला. "चार," मी गरजलो.

"चार नंबरचं जरा मेमरी खाते."

"खाऊ द्या. आमच्या घरी खाण्यापिण्याला कमी नाही."

दुकानदाराने मान डोलवली. मग समोरच्या बाजूचं एक बटन दाखवत म्हणाला, "हे दाबलं की मशीन धीमी होते."

मी त्याला पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. एवढा सगळा निवडून माल घ्यायचा आणि त्याला धीमं करायचं बटन? पेटीत एक डागी फळ निघालं की अख्ख्या पेटीचा भाव उतरतो. आणि वसंतरावांची नजर मला माहीत होती. त्यांना आधी ते बटनच दिसलं असतं.

"हे काढून टाका," मी म्हणालो.

"भाऊ, कधी लागते ते."

"आमच्याकडे धीमं काहीच लागत नाही. काढा."

त्याने बटन काढलं, तिथे पत्र्याचं झाकण बसवलं आणि बटन आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. "ठेवतो मी इथंच," तो म्हणाला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

कम्प्युटर संत्र्याच्या पेट्यांत गवत घालून घरी आला. लक्ष्मीपूजनाला तिजोरीच्या बाजूला बसला. पत्र्याच्या झाकणावर मी गणपतीचं स्टिकर लावलं. आणि पाडव्याला वसंतरावांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. पाटवडीची भाजी मी मुद्दाम तिखट करायला सांगितली होती.

वसंतराव आले ते मंजूसाठी मोटारीच्या गेमची फ्लॉपी घेऊनच. म्हणजे मशीन माझं आणि मंजूची मिठी त्यांना! मी गिळलं. म्हटलं, थांबा जरा.

जेवणं झाली. सगळे कम्प्युटरसमोर बसले. मंजूने गेम चालू केला. पडद्यावर रस्ता दिसला, मोटार दिसली आणि लगेच 'गेम ओव्हर' दिसलं.

"हात लागला असंल," मी म्हणालो. "पुन्हा कर."

पुन्हा तेच. मोटार निघाली कधी आणि ट्रकवर आदळली कधी, काही कळलंच नाही. सुमन बसली. तिने कीबोर्डकडे बोट नेलं तोवर खेळ खलास. मी तिला उठवलं आणि बोट आधीच कीबोर्डवर टेकवून बसलो, तरीही आदळलो. शेवटी वसंतराव बसले आणि तेही आदळले. तेवढा एक क्षण मला फार बरं वाटलं.

"आज व्होल्टेज जास्त येऊन राहिलं," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सौंसरला व्होल्टेज जास्त आल्याचं तोवर कोणीही ऐकलं नव्हतं. पण एकदा बोललो म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? मी स्टॅबिलायझरचा काटा खाली आणला. पंखा रेंगाळला, बल्ब लाल झाला आणि कम्प्युटर बंद पडला. मी काटा होता तिथे नेला आणि तो पुन्हा सुरू केला.

मग वसंतराव हळूच म्हणाले, "दादा, मशीन खराब नाही. तुमची मशीन फास्ट हाये नं, म्हणून गेम पळून राहिला. हे गेम माझ्याकडच्यासारख्या जुन्या मशीनसाठीच बनले. समोर धीमं करायचं बटन असंल पाहा, ते दाबा फक्त."

आणि ते वाकून बटन शोधायला लागले. शोधता शोधता गणपतीपाशी थांबले.

"मावसाजी, ते बटन बाबांनी काढाले लावलं," मंजूने सांगून टाकलं. "दुकानदार नाही म्हणत होता तरी."

सुमन पदर तोंडाला लावून आत गेली. वसंतराव मात्र हसले नाहीत. माझी लाज राखून ते म्हणाले, "होते असं कधी कधी." तो हसला असता तर मला चाललं असतं. मोठेपणातही याने पुढे जावं म्हणजे काय!

संध्याकाळी मंजूने पिशवी भरली. "बाबा, मी पांढुर्ण्याले जाऊन राहिली. तिथली मोटार चालते." मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. बसच्या खिडकीतून तिने हात हलवला, पण तिच्या गप्पा आधीच सुरू झाल्या होत्या, वसंतरावांशी. घरी येऊन मी एकटाच त्या मशीनसमोर बसलो. एवढं मोठं, एवढं जोरदार, आणि माझ्यासोबत खेळायला कोणी नाही. मला खरंच रडू येत होतं.

सण आटोपल्यावर मी नागपूर गाठलं. दुकानात शिरलो. मी तोंड उघडायच्या आत त्या माणसाने ड्रॉवर उघडला.

बटन बसलं. गणपतीला मी नमस्कार करून सन्मानाने कपाटावर हलवलं. मंजूला पांढुर्ण्याहून बोलावून आणलं, समोर बसवलं आणि स्वतःच्या बोटाने ते बटन दाबलं. मोटार शहाण्यासारखी निघाली. ट्रक आला, मंजूने चुकवला. दुसराही चुकवला. ती ओरडली, हसली आणि उठून तिने चक्क माझ्या गळ्यात हात टाकले. मी इतके दिवस याचीच वाट पाहत होतो.

"बाबा," ती आनंदाने म्हणाली, "आता झाला आपला अगदी मावसाजींसारखा!"