पैलवानाचा ताप

अंगावर मूठभर मांस नाही, तरी गल्ली त्याला पैलवान म्हणायची. सत्तरी उलटली, पण आपण कधी आजारी पडलो नाही, असं तो दाढी करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार?

घरात मात्र त्याची डाळ शिजत नसे. जुळी बहीण शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "आजारालाही आवडनिवड असते."

हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्यांना फ्लूची लस टोचली. कुणाचं शरीर तिला किती साथ देतं ते पाहायला आधी आणि नंतर रक्तही तपासलं. दोघा भावंडांच्या रक्तात एकच जुना विषाणू निघाला.

"लहानपणीच शिरला असणार," त्या म्हणाल्या. "जन्मभर मुक्काम ठोकतो. बहुधा त्रास देत नाही, पण शरीराला त्याच्यावर कायम पहारा ठेवावा लागतो."

"हिनेच दिला. माझ्या तोंडातली गोळी काढून खायची."

"तू काय कमी उष्टं खाल्लंस?"

खरी मेख पुढेच होती. लशीनंतर बहिणीचं शरीर कंबर कसून उभं राहिलं होतं, त्याचं अजून आळोखेपिळोखे देत होतं.

"पाहुणा दोघांकडे तोच, मग असं का?" पैलवानाला मिरच्या झोंबल्या.

"उतारवयात बायकांची प्रतिकारशक्ती बऱ्याचदा जास्त टिकते. हा विषाणूही बाईत आणि पुरुषात सारखाच परिणाम करतो असं नाही. नेमकं का, ते अजून शोधतायत. तुम्हा दोघांवरून काही सिद्ध होत नाही, पण जपा."

जपेल तो पैलवान कसला? खोकणाऱ्या गिऱ्हाइकांच्याही दाढ्या करत राहिला आणि महिन्याभरात तापाने आडवा झाला. पलीकडच्या खोलीत मशीन थांबलं की बहीण कपाळाला हात लावायला येई. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाबरला होता.

"मी गेलो तर गं?"

"गप्प पड. बरोबर आलो म्हणून बरोबर जायचं असं ठरलेलं नाही. मला लोकांचे कपडे द्यायचेत."

लस अगदीच वाया गेली नव्हती. ताप छातीत न उतरता ओसरला. पैलवानाने दुकान उघडलं ते तोंडाला बहिणीने शिवलेला मास्क बांधूनच. कुणी खोकलं की तो वस्तरा खाली ठेवी आणि म्हणे, "बरे होऊन या. घरी बहिणीला जाब द्यावा लागतो."