भिकाजीचे स्वतःचे गाऱ्हाणे

वालावलच्या अलीकडच्या वाडीत लोकांच्या वतीने देवाशी बोलावे ते भिकाजी परबानेच. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेला दिवस राहिले, कोणाचा मुलगा दुबईला निघाला, की नारळ पुढे ठेवून भिकाजी गाऱ्हाणे घालणार आणि मागची मंडळी वाक्यावाक्याला "व्हय महाराजा" म्हणणार. आवाज असा खणखणीत, की ऐकू आले नाही म्हणायची देवालासुद्धा सोय नव्हती.

हा भिकाजी गेल्या गणपतीनंतर गप्प झाला. गाऱ्हाण्याला बोलावले तर पोट दुखते म्हणाला. दुपार झाली तरी अंथरूण सोडीना. वाडीने हे सगळे वयावर ढकलले. पण एके दिवशी त्याने तळलेल्या बांगड्याचे ताट जसेच्या तसे परत सारले, तेव्हा बायको सुगंधा हादरली आणि त्याला कुडाळच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे आणि ते बरे होते. गोळ्या घेता येतील, समुपदेशकाशी एकट्याने बोलता येईल, किंवा बुधवारी अशाच त्रासातल्या लोकांच्या गटात बसता येईल. एकाहून जास्त उपाय केले तरी चालेल. विचार करून ठरवा.

विचार करायला पडवीत पंधरा माणसे जमली. भिकाजीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवले आणि मग त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. पहिला तास कारणावर गेला. घर स्लॅबचे, मुलगी किशोरी सासरी सुखात, दोन्ही वेळ मासळी; अशा माणसाला निराश व्हायचा हक्कच काय? गोळ्या मेव्हणा अजयने रद्द केल्या. गोळ्यांची सवय लागते, असे त्याने तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सरकवत सांगितले. गट तर नकोच. चार लोकांत घरच्या गोष्टींचा बभ्रा होतो, यावर पंधराही जणांचे एकमत झाले. शेजारची काशीबाई म्हणाली, त्यापेक्षा एकट्याने बोलणे बरे, बोलण्यात भिकाजीचा हात कोण धरणार? ठरले. भिकाजीला विचारायचे राहिले, पण तोवर चहा झाला होता.

एकट्याने बोलायचे असल्यामुळे भिकाजीबरोबर सुगंधा आणि अजय असे दोघेच आत गेले. समुपदेशक ॲश्लिन तिशीतली, शांत मुलगी. तिने ऑफिसातल्या मराठीत विचारले, "काका, काय त्रास होतो ते मोकळेपणाने सांगा."

भिकाजीने सवयीने हात जोडले. टेबलावर नारळ नव्हता, पेपरवेट होता. त्याने तोच समोर ओढला.

"बा देवा महाराजा, ह्या अजयच्या गुडघ्यांका आराम पडांदे."

"व्हय महाराजा," सुगंधा आणि अजय म्हणाले.

मग काशीबाईचा मोतीबिंदू आला, किशोरीच्या नवऱ्याची बदली आली, कोणाची तरी लांबलेली सोयरीक आली. ॲश्लिनच्या वहीत अख्ख्या वाडीचे दुखणे उतरले, फक्त पेशंटचे सोडून. दुसऱ्या खेपेलाही तेच. फरक इतकाच, की मोतीबिंदूपाशी ॲश्लिनच्याही तोंडून "व्हय" निसटले.

तिसऱ्या खेपेला तिने दोघांना बाहेर बसवले, पेपरवेट ड्रॉवरमध्ये टाकला आणि ऑफिसातली मराठीही त्याबरोबर आत ठेवली.

"काका, सगळ्यांचा सांगून झाला. तुमचा काय?"

"बा देवा महाराजा, ह्या भिकाजीक..." भिकाजी थांबला. पुढचे त्याला येईना. चाळीस वर्षांत त्याच्यासाठी कोणी गाऱ्हाणे घातले नव्हते. घालणारा तोच, तर त्याचे घालणार कोण? मागून "व्हय" आले नाही. नुसता पंखा फिरत होता. भिकाजीने हात सोडले.

"सकाळी डोळे उघडले काय माका भय वाटता," तो म्हणाला. आवाज खणखणीत नव्हता. "कारण काय नाय. उगीच वाटता."

"कारण नसला तरी चलता," ॲश्लिन म्हणाली.

मग भिकाजी बराच वेळ रडला. बाहेर दाराला कान लावलेल्या अजयने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, तेव्हा सुगंधाने त्याच्या बरगडीत कोपर मारले. डोळे पुसून भिकाजीने ॲश्लिनकडून डॉक्टरांचे सगळे उपाय पुन्हा एकेक करून विचारून घेतले. या वेळी त्याने स्वतः.

संध्याकाळी पडवीत पंधरा जण हजरच होते. भिकाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला नाही.

"मी गोळये खातलंय," तो म्हणाला. "बुधवारी गटातय जातलंय. आणि ॲश्लिनकडे एकटोच जातलंय, कोणी येवचा नाय."

ज्याचे दुखणे त्यानेच उपाय निवडावा, ही वाडीत नवीनच प्रथा होती. काशीबाईने, मग आमच्या शब्दाला काय किंमत राहिली, असे भिंतीला विचारले. अजय थुंकायच्या निमित्ताने उठला.

आतून, बांगडे तळता तळता, सुगंधा म्हणाली, "व्हय महाराजा."