कस्तुराचे हात

माझी जीभ तिखट, हे भोसरीत आमच्या खोल्यांच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. कस्तुरापुढं मात्र ती गप्प बसायची. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

अडुसष्ट साली आम्ही बीडकडून आलो. शेजारच्याच खोलीत कस्तुरा आणि तिचा नवरा भीमराज. तो पिंपरीच्या कंपनीत, शिफ्टला सायकलवर जायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. कुणी अंगारा आणून देई, कुणी नवस बोल म्हणे. ती म्हणायची, "आमी बुद्धाची माणसं, बाई. आमच्यात नवस न्हाई." दर पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावून यायची. मी एकदा विचारलंच, "मागतेस तरी काय तिथं?"

"मागत काय न्हाई. लेकरू पायजे, ते तर रातंदिस मनात हाय. तिथं बसलं की वाट बघायला बळ येतं."

माझ्या थोरल्याच्या बारशाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून हातोहात चाललं होतं. कस्तुरानं हात पुढं केले, आणि माझ्या सासूनं, सोजरबाईनं, मूल नसलेलीचा हात नको म्हणून तिला डावलून बाळ पलीकडचीला दिलं. कस्तुरानं त्याच हातांनी पदर सारखा केला आणि घुगऱ्या वाटायला लागली. मी सगळ्या पाहुण्यांदेखत सासूवर आवाज चढवला. पण उपयोग काय, व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तिच्या जागी मी असते तर आमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला नसता. पुढं मी तापानं आडवी झाले, सासूच्या हाताला कंप. बाळाला न्हाऊ कोण घालणार? कस्तुरा आली. पाय लांब करून बसली, त्याला नडग्यांवर पालथं घातलं, तेल जिरवलं, ऊन पाणी घातलं. सासू कोपऱ्यातून बघत होती. तेव्हापासून रांगेतली सगळी बाळं कस्तुराच्याच पायांवर न्हाली. बाळ पुसून आईच्या हवाली करायची आणि रिकाम्या हातांनी घरी जायची. कधी भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं. सकाळी पुन्हा हजर. एवढा धीर कुठून आणायची, देव जाणे. तिचा तर देवही नव्हता.

थोरला पाचवीत गेला त्या वर्षी कस्तुराला मुलगी झाली. ते ऐकलं आणि स्टोव्हपुढं बसून मी ढसाढसा रडले.

नामकरणाला बुद्धवंदना झाली, नाव विशाखा ठेवलं. बाळ पहिलं आपल्यालाच देणार, म्हणून वडीलधारी सोजरबाई पुढं सरसावून बसली होती. कस्तुरा बाळ घेऊन उठली ती थेट दाराशी. तिथं शालनबाई उभी होती, चार खोल्या सोडून राहणारी. मूल होत नाही म्हणून सासरचे तिला टाकायला निघाले होते. कस्तुरानं बाळ पुढं केलं, तसे तिनं हात पाठीमागं नेले.

"वाट बघणं काय असतं ते तुला ठावं हाय," कस्तुरा म्हणाली. "आधी तूच घे."

शालनबाई सोजरबाईकडं बघायला लागली. आम्ही सगळ्याच तिकडं बघत होतो. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी गेली, आणि शालनबाईचे हात धरून पुढं ओढले.

"मानेखाली हात घाल," ती म्हणाली. "मान धरली न्हाई अजून."