चार फूट उंच केलेलं घर

"कागदावर सगळंच छान बसतं हो," असं म्हणत ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि नकाशाला नाक लावायचे. असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. नारायण पेठेत आम्ही नाट्यगृह बांधणार होतो, त्या जागेसमोरच त्यांचं दुमजली घर. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मी वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढायला नवाच लागलो होतो.

त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर नव्हता. आम्ही मोजमापं घ्यायला गेलो की ते ओट्यावरून उठून यायचे.

"हा खड्डा कशाला?"

"माती तपासायला."

"मातीचं काय बिघडलंय?"

मला वाटायचं, यांना आमच्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाठवलंय. साहेबांनीही बजावलं होतं, "त्या म्हाताऱ्यापुढे तोंड उघडू नकोस."

रंगमंचाचे पडदे वर ओढून घ्यायला उंच मनोरा लागतो. तो गल्लीच्या बाजूला येत होता. घरं बुटकी, त्यामुळे चित्रात तो अंगावर आल्यासारखा दिसायचा, शिवाय समोरच्यांचं ऊन अडणार होतं. पेठेतल्या लोकांना दाखवायच्या चित्रात साहेबांनी मला मनोरा ठेंगणा वाटावा म्हणून घरं जरा उंच काढायला सांगितली. मी काढली.

चित्र शेजारच्या शाळेत लावलं. "शोभतंय," लोक म्हणाले. मास्तर बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. एकटेच.

"माझं घर आपण चार फूट उंच केलंत. आभारी आहे. आता तेवढं बांधूनही द्या."

"काल सगळ्यांसमोर का नाही बोललात?" मी विचारलं.

"चूक आहे की लबाडी, ते आधी विचारावं म्हटलं."

मी म्हणालो, "लबाडी."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. या कबुलीवरही त्यांचा विश्वास बसला नसावा.

त्याच संध्याकाळी मी घरं खऱ्या मापानं काढून चित्र साहेबांपुढे ठेवलं. "नोकरी नकोय का?" ते म्हणाले. पण खरं चित्र एकदा पाहिल्यावर त्यांनाही ते बघवेना. महिनाभर खपून त्यांनी नकाशात मनोरा मागे नेला, प्रेक्षागृह जमिनीत उतरवलं आणि गल्लीकडची बाजू शेजारच्या घरांच्याच उंचीची ठेवली.

बांधकाम सुरू झालं तेव्हा मास्तरांनी आपल्या घराच्या उंचीचा एक बांबू दारात रोवला. भिंत रोज त्याच्याशी ताडून बघायचे. मला म्हणायचे, "तुमच्यावर विश्वास आहे, गवंड्यावर नाही." गवंड्याला नेमकं उलटं सांगायचे.

नाट्यगृह उभं राहिलं. उद्घाटनाची प्रवेशिका द्यायला गेलो तर दार त्यांच्या सुनेनं उघडलं. मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"तुम्हाला कळवायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमचं नाव कधी सांगितलंच नाही."

सूनबाईंनी मला माडीवर नेलं. खिडकीखालच्या फरशीवर खडूच्या रेघा होत्या, प्रत्येकीशी तारीख.

"ऊन कुठवर येतं ते बघायचे," त्या म्हणाल्या.

"कमी झालं का?"

"नाही म्हणाले. पण आणखी एक वर्ष बघू, म्हणाले."