सेटला सावली

भर दुपारी आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांची वॉकीटॉकी मुकी झाली. बटण दाबलं तरी त्यांचा आवाज पलीकडे जाईना. सुपरवायझर तणतणत आला. वयाने काकांच्या मुलासारखा.

"काका, उन्हात धरल्यावर सेट तापणारच ना! आत सर्किट असतं. जास्त तापलं की ते बोलणंच बंद पाडतं. नाहीतर आतले पार्ट जळतील."

भाजीची पिशवी घेऊन मी तिथेच उभी होते. माझं डोकंच फिरलं. तळहाताएवढ्या त्या डब्याला 'आता पुरे' म्हणता यावं, याची कुणीतरी नीट विचार करून सोय केली आहे. आणि बारा बारा तास उभ्या असलेल्या माणसाला? गेटवर पत्र्याची शेड घालायचा विषय मीटिंगमध्ये निघाला, तेव्हा म्हणे बिल्डिंगची शोभा जाते. मेली ती शोभा! तेव्हा मीही तोंड शिवून बसले होते.

"सेट सावलीत ठेवा," सुपरवायझर बजावून गेला.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. सावली नव्हतीच. मग त्यांनी सेट स्टुलावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर पालथी घातली, आणि उघड्या टकलाने पुन्हा गेटवर उभे राहिले.