यादीतली नववी पायरी

सोमवारी सकाळी दहाला सरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, यादीकाका काल दुपारी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. त्रास झाला नाही म्हणतात. एवढं बोलून सर खाली बघत राहिले. अकरा विद्यार्थी आणि दोन पगारी माणसं आपापल्या चहाच्या कपात बघत राहिली.

ताई तेवढी उठली आणि मशीनच्या खोलीत गेली. तिथे कोणाला बोलता येत नाही, पंख्यांचा आवाजच तेवढा असतो. काम करणाऱ्या विद्यार्थ्यांत ती सगळ्यांत जुनी, म्हणून ताई. आधी साहित्यात पदवी घेतलेली, मग इकडे वळलेली. पहिल्या आठवड्यात एक मशीन बंद पडलं तेव्हा तिने दीड पानाचा अहवाल लिहिला होता. काकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे हो. आता काय झालं ते सांग." तेव्हापासून ती छोटी वाक्यं लिहिते.

जगभरात कितीतरी माणसं फुकट वाटण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितात. ते ठेवायला जागा लागते. विद्यापीठाच्या तळघरातली ही प्रयोगशाळा म्हणजे ती जागा. चार रांगा मशीन, दोनशेच्या आसपास प्रकल्प, भाडं नाही. मशीन बिघडलं की विद्यार्थी धावतात. विद्यार्थी बिघडले की यादीकाका धावायचे.

काका मूळचे वायरमन. वीस वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या कामासाठी आले होते. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने भलतीच केबल उपटली आणि अर्धी खोली बंद पडली. काकांनी विचारलं, कुठली वायर कुठे जाते ते कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ते लिहायला बसले. संगणक त्यांना विद्यार्थ्यांनीच शिकवला, आणि दोन वर्षांत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. मशीन चालू करायची यादी. बंद करायची यादी. रजेवर जायची यादी. मुलं मागून म्हणायची, काकांकडे शिंकायचीही यादी असेल. काकांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच एक लावली. पहिली पायरी: मशीनकडे पाठ करा.

त्यातली सगळ्यांत कडक यादी निघणाऱ्या माणसाची. चौदा पायऱ्या. किल्ल्या परत घ्या, पासवर्ड बदला, खातं बंद करा, त्याचा खासगी फोल्डर पुसा. ज्या दिवशी माणूस निघेल त्याच दिवशी. मुलगा पदवी घेऊन निघाला की काका त्याला शेजारी बसवून त्याच्या डोळ्यांदेखत सगळं करायचे. शेवटी हात मिळवायचे. आता तू परका, पुन्हा आलास तर बेल वाजवायची. कोणी हळवं झालं तर म्हणायचे, अरे, अख्खा जन्म इथे काढायला तू काय मी आहेस?

सोमवारी अकरा वाजता ताईने ती यादी उघडली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सरांना विचारलं तर ते "बघ तू" म्हणाले, आणि ते काय ऐकून म्हणाले ते त्यांनाही माहीत नसावं. तिला फक्त हाताला काम हवं होतं. किल्ल्या काकांच्या खणातच होत्या. पासवर्ड बदलले. खातं बंद केलं. नववी पायरी होती: फोल्डरमध्ये ठेवण्याजोगं काही आहे का, माणसाला विचारा. तिने थोडा वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मग समोर लिहिलं, "लागू नाही." दहावी पायरी, फोल्डर पुसला. सव्वाबाराला चौदाही झाल्या. ती वर आली आणि डबा खाल्ला. डब्यात काय होतं ते तिला संध्याकाळी आठवलं नाही.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. म्हातारा आवाज होता, सावकाश बोलणारा. म्हणाला, दोन दिवस झाले, माझं दार उघडत नाही. साहेब आहेत का?

कुठलं दार, तिने विचारलं.

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तो जुळारी. छापखान्यात खिळे जुळवण्यात उभी हयात गेली. त्याच्या आईची भाषा आता फार थोडे लोक बोलतात आणि कुठला संगणक ती ओळखत नाही, शब्द लिहिला की खाली लाल रेघ मारतो. म्हणून तो शब्दांची यादी करत होता. फुकट, ज्याला हवी त्याला. नऊ वर्षं. एकतीस हजार शब्द. प्रयोगशाळेकडे अर्ज केला होता, पण प्रकल्पाला किमान तीन माणसं लागतात असा नियम होता आणि हा एकटाच. अर्ज नामंजूर झाला. ते कळवायला साहेबांनी, म्हणजे यादीकाकांनी, स्वतः फोन केला आणि फोनवरच म्हणाले, असं करू, माझ्या फोल्डरमध्ये एक कोपरा देतो. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, शब्द लिहायचा, एंटर दाबायचं. दुसरं काही शिकू नका.

"तुमच्याकडे याची प्रत आहे ना?" ताईने विचारलं.

"प्रत कशाला?" तो म्हणाला. "साहेबांकडे आहे ना."

खासगी फोल्डरच्या प्रती घेतल्या जात नाहीत. तोही काकांचाच नियम: जपायचं ते प्रकल्पाच्या जागेत ठेवा, खासगी फोल्डरमध्ये काही ठेवाल तर रडत माझ्याकडे येऊ नका. वीस वर्षं त्यांनी हे प्रत्येकाला ऐकवलं होतं.

तिने जुळाऱ्याला सांगितलं की साहेब रविवारी गेले. मग त्याने विचारलं, वय काय होतं हो? नऊ वर्षांत तेवढं विचारायचं राहिलं. ताईने वय सांगितलं. मग ती म्हणाली की मशीनमध्ये बिघाड झालाय, आम्ही बघतोय. बिघाड हा शब्द तिच्या तोंडून आपोआप गेला.

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, तू यादीप्रमाणेच केलंस. यादीत एक पायरी वाढवू. ते समजुतीने बोलत होते. ताईला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. तिने फक्त विचारलं, ती डिस्क काढून घेऊ का?

डिस्क काढली. पुसलेलं सगळं लगेच जात नाही, त्यावर नवीन लिहिलं जाईपर्यंत तुकडे उरतात. पण मधले चार दिवस मशीन चालूच होतं. ताईने शुक्रवारभर तुकडे खरवडले. पन्नास हजारांवर ओळी निघाल्या. कुठे शब्द, कुठे अर्धा शब्द, कुठे मशीनची स्वतःची बडबड, सगळ्याची खिचडी. आणि ती भाषा प्रयोगशाळेत कोणालाच येत नव्हती. कुठला शब्द आणि कुठला कचरा हे सांगू शकणारा माणूस एकच होता. तिने त्याला फोन करून बोलावलं. का ते सांगितलं नाही.

शनिवारी जुळारी बसने आला. बारीक माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दाराशी उभा राहून त्याने आधी विचारलं की साहेब कुठे बसायचे. ताईने खुर्ची दाखवली. त्यावर कोणाचं तरी जाकीट पडलं होतं. ती उचलायला गेली, तर राहू दे म्हणाला, आणि शेजारच्या स्टुलावर बसला.

तिने पडद्यावर ओळी आणल्या. तो चष्मा वर करून वाचू लागला. हा शब्द. हाही. हा नाही. हा अर्धा आहे, पुढचं मी सांगतो, लिहा. तासाभरात तीनशे झाले. मध्येच एका शब्दाशी थांबून तो हसला. हा आईचा, म्हणाला, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर उगीच डबे उघडून बघणाऱ्या बाईसाठी. आत्याला म्हणायची. तुमच्यात आहे का असा शब्द? ताई म्हणाली, शब्द नाही, पण आत्या आहे.

त्याला हसू आलं, तिला नाही. तिचा हात कीबोर्डवरच होता. आत्ता नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगता येणार नाही, एवढं तिला कळत होतं. बाकी काही जाणवत नव्हतं.

"काका," ती म्हणाली. या खोलीत हा शब्द ती दुसऱ्याच माणसासाठी वापरायची. "बिघाड नव्हता. मी पुसलं. साहेबांचा फोल्डर. आत काय आहे ते न बघता."

जुळाऱ्याने चष्मा खाली घेतला. रुमालाने पुसला. परत लावला.

"किती सापडतील?" त्याने विचारलं.

"निम्मे. फार तर एकोणीस हजार. बाकीचे गेले."

"बाकीचे गेले," तो म्हणाला. मग पडद्याकडे बघतच बोलू लागला. "आमच्याकडे एकदा फर्मा निसटला होता. आठ पानांचे जुळवून बांधलेले खिळे. जिन्यात. सगळे खिळे तळमजल्यापर्यंत."

"कोणाच्या हातून?"

"माझ्या."

"मालक काय म्हणाले?"

"बोलले ना. पुष्कळ बोलले. संध्याकाळी. आधी म्हणाले, वेच." त्याने स्टूल पुढे ओढलं. "मला राग आलाय, पोरी. पण आत्ता तो काढत बसलो तर पाचची बस जाईल. चला, पुढचा दाखवा."

तिने पुढची ओळ आणली. त्याने मान पुढे केली, ओठांत पुटपुटून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हा आमचा नाही. तुमच्या मशीनचा काहीतरी आहे. काढा."

तिचं बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. गुरुवारपासून तिने काहीही पुसलं नव्हतं. स्वतःची चुकलेली अक्षरंसुद्धा तशीच ठेवून पुढे लिहीत गेली होती, त्याने नाही म्हटलेल्या ओळीही नुसत्या खूण करून सोडल्या होत्या. जुळारी वाट बघत राहिला.

तिने बटण दाबलं. ओळ गेली, खालची वर आली.

"हा आमचा," तो म्हणाला.