काजमावशींचे पुढचे दात

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरचे मला रोज ऐकवतात. ऐकवू देत! दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? "ताई, मी गोड खातच नाही" म्हणणाऱ्याने आ केला की आतलं सगळं दिसतंच.

काजमावशी आल्या त्या यजमानांना बरोबर घेऊन. खरं तर ते त्यांना घेऊन आले होते. मावशींना आमच्या भागात कोण ओळखत नाही? शिंपी शर्ट शिवतात, पण काजं करायला आणि बटणं लावायला गठ्ठे मावशींच्याच घरी जातात. खिडकीशी मशीन, मशीनशी मावशी. रस्त्यावरून हाक मारली की दातांनी दोरा तोडायच्या आणि तोंडभर हसायच्या. अलीकडे मात्र तोंडावर हात ठेवूनच बोलायच्या, आणि हसणं तर बंदच.

"दोरा तोडून तोडून तुटले हो," मावशी खुर्चीत नीट बसायच्या आतच काका म्हणाले. "हो ना गं?"

मावशींनी मान हलवली. मला तिथेच कळलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. दोऱ्याने दाताच्या कडेला बारीक खाच पडते. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या तसल्या खाचा मी ढिगाने पाहिल्यात. मावशींचे वरचे पुढचे दोन दात निम्म्यातून तिरके उडाले होते. त्यातला एक काळा पडला होता, आणि ओठाच्या आत जुना व्रण. दोरा होता की साखळदंड?

"कधी तुटले?" आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झालं असेल वर्षभर," काका म्हणाले.

"गार पाण्याने ठणकतात का?"

"छे, तसं काही नाही," पुन्हा काकाच.

"अहो काका, दात कोणाचे आहेत?" माझ्या तोंडून निघून गेलंच. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले. काका कसंनुसं हसले आणि म्हणाले, "जरा लवकर झालं तर बरं. धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय. मुलगी आणि तिचे आईवडील रविवारी घरी यायचेत."

असं आहे तर! पाहुण्यांना दिसू नये म्हणून ही धावपळ. वर्षभर बायको तसंच चावत होती तेव्हा कुठे होतात? इतका मऊ बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. पण गोगलगाय नि पोटात पाय, असले मी बरेच पाहिलेत. माझं डोकं तापलं.

काळ्या दाताची नस मेली होती. रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची, आणि दुसऱ्याला दाताच्या रंगाचा मसाला लावून आकार द्यायचा, असं बाईंनी सांगितलं. आधी एक्स-रे हवा. एक्स-रेच्या खोलीत पेशंटशिवाय कोणाला येऊ देत नाही. काका मागोमाग निघालेच होते, मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

"मावशी," मी हळूच विचारलं, "काकांनी ना?"

मावशींना हसूच आलं. "ह्यांनी? अगं, ह्यांच्याकडून झुरळसुद्धा मरत नाही."

"मग?"

हसू गेलं. "धाकट्याने. त्याच्या शर्टाचं बटण लावायचं राहिलं माझ्याकडून. मान धरली आणि दाबलं मशीनवर."

माझ्या हातातली एक्स-रेची फिल्म तशीच राहिली. अख्ख्या गावाची बटणं लावणारी ही बाई! माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

"हे तेव्हाच म्हणत होते, दात बसवून घे. मीच नाही म्हटलं. रोज समोर बसून जेवतो ना, बघू दे म्हटलं आपण काय केलं ते."

"मग? बघितलं त्याने?"

"कुठलं! मोबाईलमधून डोकं वर काढेल तर बघेल. परवा जेवण गार होतं म्हणून ताट भिरकावलं."

बाहेर आलो तर काका दारातच उभे, चेहरा पांढराफटक. "काही... बोलली का ही?" त्यांनी मला विचारलं. मारणारा हा नव्हता, पण झाकणारा तर हाच होता. मी एक्स-रे बाईंच्या हातात नेऊन दिला.

डॉक्टरीणबाईंनी दातांच्या रंगांची पट्टी काढली आणि एकेक नमुना मावशींच्या दातांशी लावून पाहिला. मावशींच्या हातात आरसा दिला. मावशींनी ओठ वर करून त्यात पाहिलं.

"बाई, हे बसवल्यावर कोणाला कळेल का, आधी तुटले होते ते?"

"अजिबात नाही!" बाई खुशीत म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत तर गोष्ट वेगळी. नाहीतर घरात येणाऱ्या सुनेलासुद्धा शंका यायची नाही."

मावशींनी गळ्यातला नॅपकिन सोडला आणि खुर्चीतून उतरल्या.

"मग आज नको. सोमवारी येते."

"अगं, रविवारी माणसं यायचीत!" काका घाबरून पुढे आले.

"म्हणूनच. मी दार उघडणार, आणि चांगलं तोंडभर हसून त्या पोरीला आत घेणार. तिने विचारलं की सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार."

"लग्न मोडेल गं!" काकांचा आवाज फुटला. "पोटचा मुलगा आहे आपला."

"आहे ना. म्हणून तर वर्षभर तोंड झाकून बसले." मावशींनी पायात चप्पल सरकवली. "पण ती कोणाच्या तरी पोटची आहे. माझे दात निदान बाई बसवून देतील. तिचे पाडायला मी तिला घरात आणू?"